ओरिजिनल म्हणून विकलेला नकली रेड डॉट: इंदूरच्या नेमबाजांनो, सावध राहा

इंदुरात एअर रायफल चालवणाऱ्या आणि तिच्यावर रेड डॉट साइट (लाल ठिपक्याने नेम धरायचे उपकरण) बसवायच्या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्यांच्या खेळातल्या बंदुकांसाठी बनवलेली नक्कल आपल्याकडे नामांकित विदेशी कंपनीचा अस्सल माल म्हणून विकली जाते. मला ती साडेअठरा हजारांना विकली गेली. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून विकणाऱ्याचे नाव देत नाही. पण तो काय बोलतो, काय दाखवतो आणि काय दाखवायचे टाळतो ते सविस्तर सांगतो. दुसऱ्या कुणाच्या तोंडून हीच भाषा ऐकलीत तर लगेच ओळखू येईल.

रेड डॉट मला हौस म्हणून नको होता. उघड्या साइटने नेम धरताना मागची खाच, पुढचे टोक आणि टार्गेट अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी डोळ्याला एकदम सांभाळाव्या लागतात. चाळिशी लागली की पुढचे टोक धूसर व्हायला लागते, आणि पन्नाशीनंतर तर विचारूच नका. रेड डॉटमध्ये एलईडीचा प्रकाश काचेवरून परतून समांतर किरणांनी डोळ्यात येतो. त्यामुळे ठिपका लांब टार्गेटपाशीच असल्यासारखा दिसतो आणि नजर टार्गेटवर ठेवून नेम धरता येतो. कल्पना जुनी आहे. हॉवर्ड ग्रब या आयरिश दुर्बीणकाराने १९०० साली अशी साइट मांडली होती, आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेवर चालणारी पहिली रेड डॉट बाजारात आणली. नजर उतरलेल्या माणसाला हा खेळ सोडावा लागू नये, एवढी ताकद या वस्तूत आहे. म्हणूनच तिच्या नावाने होणारी लुबाडणूक मला फार लागली.

विकणारा मराठी होता. "काका, मी पण रामबागेतलाच. आपल्या माणसाला खोटा माल देईन का? बॉक्स फक्त उघडलेला आहे, म्हणून निम्म्या भावात." मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. स्प्रिंगच्या रायफलचा झटका ही साइट सहन करील का? माझ्या रायफलवर अकरा मिलिमीटरचा डव्हटेल (साइट बसवायची अरुंद पट्टी) आहे, त्यावर बसेल का? पक्के बिल मिळेल का? तिन्हींना त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी होकार दिला. साइट खालून पिकॅटिनी रेलसाठी, म्हणजे खाचांच्या रुंद पट्टीसाठी होती, म्हणून डव्हटेलचा अ‍ॅडॉप्टर वेगळे पैसे घेऊन दिला.

दाखवायला त्याने जेल रोडवरच्या एका दुकानाच्या माडीवर नेले. दिवा मालवून त्याने साइट सुरू केली. ठिपका लालभडक, गोल, रेखीव. "डोकं हलवा काका, ठिपका भिंतीवरून हलतो का बघा." काच स्वच्छ, वजन हातात भरणारे, कंपनीचे नाव आणि सिरियल नंबर कोरलेला. पैसे दिल्यावर सीलबंद पाकिटात बिल मिळाले. घरी येऊन उघडले, तर त्यावर वस्तूचे वर्णन छापले होते: टॉय गन अ‍ॅक्सेसरी.

ठिपका दिसणे आणि ठिपका जागेवर राहणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दीड हजाराच्या नकलेतही ठिपका सुरेख दिसतो. अस्सल मालाची किंमत असते ती गोळीमागून गोळी सुटली तरी झिरो, म्हणजे नेम आणि छर्रा एकाच जागी यायची जुळवणी, न हलण्याची, आणि माडीवरच्या अंधारात तेवढी एकच गोष्ट तपासता येत नाही.

त्यातही स्प्रिंगची एअर रायफल साइटला फार छळते. खऱ्या काडतुसाच्या बंदुकीचा झटका एकाच दिशेने, मागे येतो. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे जाते, आणि पिस्टन नळकांड्याच्या टोकाला थांबतो तेव्हा ती पुढे हिसका देते. दोन्हीकडून बसणाऱ्या या धक्क्यांनी चांगल्या दुर्बिणीसुद्धा ढिल्या झालेल्या आहेत. नकलेत एलईडीची बैठक आणि तिला धरणारी स्प्रिंग खेळण्याच्या दर्जाची असते, तिथे ती किती तग धरणार?

रेंजवर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून झिरो करायला बसलो. दहा मीटरवर एक एमओए (कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे २.९ मिलिमीटर. साइटवर एका क्लिकला (नेम सरकवणाऱ्या स्क्रूच्या एका टप्प्याला) अर्धा एमओए लिहिलेले, म्हणजे एका क्लिकने छर्रा दीड मिलिमीटरच्या आसपास सरकायला हवा. मी क्लिक देत गेलो, काहीच हलेना, आणि मग एकदम बोटभर उडी. कसाबसा ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या छर्‍यांच्या भोकांचा पुंजका, मधोमध आणला. चहा पिऊन परत बसलो, तर तोच ग्रुप डावीकडे खाली.

फोन केला. पहिले उत्तर आले, माउंट (साइट रायफलला धरणारी पकड) ढिला असेल. मी स्क्रू पुन्हा कसले, स्क्रू आणि रेल यांच्यावरून मुलीच्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली आणि पुन्हा छर्रे सोडले. ग्रुप पुन्हा सरकला, रेघ मात्र अखंड. म्हणजे माउंट जागेवर होता. दुसरे उत्तर: तुमची रायफल किंवा छर्रे खराब. साइट उतरवली, त्याच डबीतले छर्रे उघड्या साइटने सोडले. नजर धूसर असूनही ग्रुप नेहमीच्या जागी पडला. तिसरे उत्तर ऐकून मात्र संताप आला. "काका, वय झालं. तुमच्या डोळ्यात अ‍ॅस्टिग्मॅटिझम असेल, त्याला ठिपका फाटलेला दिसतो."

हे उत्तर धोकादायक आहे, कारण ते अर्धे खरे आहे. अ‍ॅस्टिग्मॅटिझम असलेल्या माणसाला रेड डॉटचा ठिपका खरोखरच स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो, आणि अनेक भले लोक हे ऐकून गप्प बसतात. पारख सोपी आहे. साइट हातात धरून ठिपक्याकडे पाहत ती हळूहळू फिरवा. फाटलेला आकार साइटबरोबर फिरला तर दोष साइटमध्ये. साइट फिरूनही आकार तसाच राहिला तर दोष डोळ्यात. माझ्या ठिपक्याची शेपटी साइटबरोबर फिरत होती. आणि मुख्य म्हणजे, डोळ्यातल्या दोषाने ठिपका फाटतो, दर दहा छर्‍यांनी ग्रुप सरकत नाही.

शेवटी चौकोनाची चाचणी केली. एक ग्रुप मारायचा, मग वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली, आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक एक ग्रुप. साइट प्रामाणिक असेल तर कागदावर सुमारे तीन सेंटिमीटरचा चौकोन उमटतो आणि शेवटचा ग्रुप पहिल्याच भोकांवर येऊन बसतो. माझ्या कागदावर चौकोन उमटलाच नाही, आणि शेवटचा ग्रुप पहिल्यापासून चार बोटे लांब पडला. तो कागद मी तारीख टाकून जपून ठेवला. सिरियल नंबर मूळ कंपनीला कळवला; तो त्यांनी बनवलेल्या मालाचा नाही असे उत्तर आले. हे उत्तर मला सर्वांत उपयोगी पडले. विकत घेण्याआधीच नंबर कळवून विचारता येते. विकणाऱ्याकडे नंबरचा फोटो मागा. टाळाटाळ झाली तर तिथूनच उठा.

आणखी एक प्रकार याच माणसाचा, आणि तो मला माझ्या नुकसानीपेक्षा जास्त बोचतो. राजेंद्र नगरातल्या एका मुलीने दहा मीटर एअर पिस्तूल नुकते सुरू केले आहे. तिच्या आईला त्याने "कॉम्पिटिशनला चालतो" असे सांगून रेड डॉट गळ्यात मारला. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत पिस्तुलाच्या प्रकारांना फक्त उघड्या साइट चालतात. ठिपका, दुर्बीण, लेसर काहीही चालत नाही. आपल्या शेजारच्या महूच्या लष्करी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झालेल्या विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे रौप्य मिळवले, तेही उघड्या साइटनेच. त्या मुलीने महिनाभर ठिपक्यावर सराव केला असता तर खाच आणि टोक जुळवायची तिची सवयच मोडली असती. सुदैवाने तिच्या प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी ती वस्तू उतरवायला लावली. पैसे मात्र गेले. आईने ते शिवणकामातून साठवलेले होते.

घेणारच असाल तर ठिपक्याचा आकारही विचारा. सहा एमओएचा ठिपका दहा मीटरवर सतरा मिलिमीटर झाकतो, आणि एअर पिस्तुलाच्या टार्गेटवरचे दहाचे वर्तुळच साडेअकरा मिलिमीटरचे असते. एवढ्या अंतरावर कागदावर नेम धरायचा तर दोन एमओए बरा. "पॅरलॅक्स फ्री", म्हणजे डोळा हलला तरी नेम हलत नाही, या शब्दांवरही विसंबू नका. बहुतेक रेड डॉट बऱ्याच लांबच्या अंतराला जुळवलेले असतात. दहा मीटरवर डोळा काचेच्या कडेला गेला की नेम थोडा हलतोच, अस्सल साइटमध्येसुद्धा. ठिपका काचेच्या मध्यावर ठेवून मारायची सवय हाच त्यावर उपाय. आणि पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याला रेंजवर बोलवा. तुमच्याच रायफलवर, तुमच्याच छर्‍यांनी चौकोनाची चाचणी करू द्या म्हणावे. अस्सल मालवाल्याला त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

पैसे परत मागितल्यावर आधी "बदलून देतो" झाले, मग फोन उचलणे बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, तरी तो हलला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही भरता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकील केलाच पाहिजे असेही नाही. मी व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, टॉय गन अ‍ॅक्सेसरी लिहिलेले बिल, कंपनीचे उत्तर आणि तो टार्गेटचा कागद जोडून तक्रार दाखल केली आहे. राजेंद्र नगरातल्या त्या मुलीच्या आईचीही वेगळी तक्रार भरून दिली. ऑनलाइन पैसे भरून माल आलाच नाही असे कुणाचे झाले असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, तिथे उशीर झाला की पैसे हाती लागत नाहीत.

इंदूर, महू, देवास भागात कुणाला "बॉक्स फक्त उघडलेला आहे" असे सांगून रेड डॉट विकला गेला असेल, तर साइट फेकू नका, संदेश पुसू नका, बिलावर वस्तूचे नाव काय लिहिले आहे ते आजच पाहा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.