कॅम्पसवरचा दगड-वॉक: चार स्टार, पाचवा चुनखडीपाशी गेला

युनिव्हर्सिटीच्या जिऑलॉजीवाल्यांचा बिल्डिंग स्टोन वॉक असतो ना, कॅम्पसमधल्याच इमारतींचे दगड बघत दीड-दोन तास फिरायचं, तो केला एकदाचा. डोंगरात जाऊन खडक बघण्यापेक्षा मला तरी हे जास्त आवडलं, कारण तिकडे दगड उन्हापावसाने मळलेला असतो, वर शेवाळ-बिवाळ, आणि इथे पॉलिश केलेला कट डोळ्यासमोर, कण न् कण सुटा दिसतो.

सगळ्यात भारी लायब्ररीचे खांब. लार्विकाइट, नॉर्वेतल्या लार्विकजवळचा, जवळजवळ 30 कोटी वर्षं जुना. लांबून बघितलं तर नुसता काळपट करडा दगड, पण जरा बाजूला सरकलं की एक कण निळा पेटतो आणि शेजारचा विझतो, मी तर तिथेच मागेपुढे करत बसले. निळं असं त्यात काही नसतंच म्हणे, फेल्डस्पार (खडकात नेहमी सापडणारं खनिज) सावकाश थंड होताना त्याच्या आत दोन जातीच्या फेल्डस्पारचे अतिपातळ थर वेगळे होतात आणि प्रकाश त्यांच्यावरून परतताना तसा दिसतो. हे गाइडने फार छान समजावलं.

लॉबीत फिनलंडचा रापाकिवी ग्रॅनाइट, 160 कोटी वर्षांच्या आसपासचा. तपकिरी गोल गोल फेल्डस्पार आणि बऱ्याच गोलांना हिरवट करडी कड, ती प्लॅजिओक्लेजची, म्हणजे फेल्डस्पारच्याच दुसऱ्या जातीची. काळ्या पायऱ्यांना बाजारात ग्रॅनाइट म्हणतात पण ग्रॅनाइटमध्ये हवं ते क्वार्ट्झ (गारेचं खनिज) त्यात जवळपास नाहीच, तो गॅब्रो-डोलेराइट या काळपट अग्निजन्य खडकांच्या घरातला, पटकन उरकलं ते, ठीक आहे.

आता तक्रार. ऑडिटोरियमची फरशी म्हणजे बव्हेरियाची ज्युरा चुनखडी, सुमारे 15 कोटी वर्षांची, पायाखाली अख्खे अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे, नामशेष झालेले समुद्री जीव), काही तिरके कापले गेल्यामुळे लांबुळके झालेले, आणि आम्हाला काय मिळालं तर "हे फॉसिल्स, चला पुढे". अरे थांबा की! ईसीजीसारखी वरखाली जाणारी काळपट रेघ होती, सगळ्यांना वाटलं तडा गेलाय, मी विचारलं तेव्हा कुठे कळलं की तो स्टायलोलाइट, वरच्या दाबाने चुनखडी विरघळली आणि न विरघळणारी माती तेवढी रेघेत साचली. एवढी भारी गोष्ट, ती विचारल्यावर सांगायची?

एक महाशय व्हिनेगर घेऊन आलेले, फेस येतो का बघायला. गाइडने वेळीच अडवलं ते बरं केलं, संगमरवर काय चुनखडी काय, दोन्ही कॅल्साइटच (ॲसिडने फेसाळत विरघळणारं खनिज), ॲसिड लागलं की तिथली चमक गेलीच. त्यासाठी गाइडने बॅगेत वेगळा तुकडा ठेवलेला, ते आवडलं.

सगळ्यांत मिळून एकच भिंग फिरत होतं, त्यामुळे जाणार असाल तर दहापट मोठं दाखवणारं आपलं आपलं न्या, मोबाइलचा टॉर्चही लागतो लॉबीत. आणि बॅच निवडता येत असेल तर उन्हाची घ्या, ढगाळ हवेत लार्विकाइट अगदीच मलूल दिसतो.