१८० सीसी हेड, काही महिन्यांनंतर: ३५० इंजिनाला २२० का मानवले नाही

ही हेड मी हौसेने बदललेली नाहीत. माझे इंजिन म्हणजे शेव्हरोलेटचे जुने स्मॉल ब्लॉक, ३५० घन इंचांचे (५.७ लिटर). हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, ज्यात व्हॉल्व्ह आणि हवेच्या वाटा असतात. इंजिन घेतले तेव्हाच त्यावर २२० सीसी इनटेक पोर्टची (म्हणजे हवा आत नेणाऱ्या प्रत्येक वाटेचे आकारमान २२० सीसी) अ‍ॅल्युमिनिअम हेड होती. एका लांबच्या प्रवासात एक व्हॉल्व्ह स्प्रिंग तुटली. व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडला नाही हे नशीब, पण त्याची नळी (गाइड) आणि बैठक (सीट) दोन्ही गेली. इंजिन बांधणाऱ्या वर्कशॉपने जबाबदारी साफ झटकली आणि वर पुन्हा २२० चीच नवी जोडी घ्यावी असा आग्रह धरला. ज्यांनी लावलेली स्प्रिंग टिकली नाही, त्यांच्या आग्रहाखातर आणखी पैसे घालायची माझी तयारी नव्हती. मी १८० सीसीची जोडी घेतली. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरपासून हेडपर्यंतच्या नळ्या), कार्ब्युरेटर, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो, काहीच बदलले नाही. चेंबर (मिश्रण जळते तो हेडमधला खळगा) दोन्हींचे ६४ सीसी आणि इनटेक व्हॉल्व्ह २.०२ इंचाचेच असल्यामुळे कॉम्प्रेशनही जागच्या जागी राहिले आणि तुलना जवळजवळ एकट्या पोर्टच्या आकाराचीच झाली.

फरक पहिल्याच वळणावर कळला. २२० असताना टॉप गिअरमध्ये २,००० आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी आधी गुदमरायची आणि मग उचलायची. ३,००० च्या पुढे मात्र सुरेख पळायची. आयडलिंगला पेट्रोलचा वास यायचा, प्लग काळे निघायचे, आणि वर्कशॉपचे उत्तर नेहमी एकच: जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे छिद्र) बारीक करा. मूळ दुखणे जेटमध्ये नव्हते. पिस्टन तळाला पोहोचून वर निघाल्यानंतरही इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडा असतो. त्या वेळात आत शिरणाऱ्या हवेला पुरेसा वेग असेल तर ती आपल्याच जोराने सिलिंडर भरत राहते. वेग नसेल तर पिस्टन तिला उलटी मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. ही परतलेली हवा कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचली तर पुन्हा आत येताना आणखी पेट्रोल उचलते आणि मिश्रण गडद होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होते. १८० लावल्यावर त्याच जेटवर प्लग तपकिरी निघू लागले आणि २,००० वरून गाडी न अडखळता ओढू लागली.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो, आणि ती या हेडच्या विक्रेत्याविषयी आहे. मी त्याच्याकडे एकच आकडा मागितला होता: पुशरॉडच्या (कॅमची हालचाल व्हॉल्व्हवरच्या रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) बाजूला पोर्ट जिथे सर्वांत अरुंद होतो, तिथले क्षेत्रफळ. तो मला पैसे देण्याआधी मिळाला नाही आणि नंतरही मिळाला नाही. उत्तरादाखल दर वेळी सीसीचाच आकडा पुढे केला गेला. वास्तविक सीसी हे आकारमान आहे, म्हणजे क्षेत्रफळ गुणिले लांबी. पोर्ट लांब असेल तर तो रुंद नसतानाही सीसी वाढतात. १९९७ साली आलेल्या एलएस१ चे, म्हणजे याच कंपनीच्या पुढच्या पिढीतल्या इंजिनाचे उदाहरण घ्या. तेही ५.७ लिटरचेच इंजिन, त्याचे पोर्ट कंपनीतूनच सुमारे २०० सीसीचे, आणि तरी ते खालच्या आरपीएमला मुळीच मंद नाही. त्याचे व्हॉल्व्ह १५ अंशांच्या कलात बसतात, आपल्या जुन्या स्मॉल ब्लॉकचे २३ अंशांत. पोर्टची घडणच वेगळी. त्यामुळे एका घराण्याचे सीसी दुसऱ्याला लावून खरेदी करणे निरर्थक आहे.

अखेर टेलिस्कोपिक गेज आत घालून मीच माप घेतले. गेजचा दांडा पोर्टमध्ये आडवा अडकवायचा, स्क्रू आवळायचा, बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजायचे. मग तेच उभ्या दिशेने, आणि कोपऱ्यांच्या गोलाईसाठी थोडे वजा करायचे. १८० मध्ये ते क्षेत्रफळ सुमारे १२.३ चौरस सेंटिमीटर भरले, जुन्या २२० मध्ये सुमारे १५. आपल्या ३५० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३.४८ इंच धरला, तर २,५०० आरपीएमला या अरुंद जागेतून हवेचा सरासरी वेग २२० मध्ये सेकंदाला सुमारे ४० मीटर येतो आणि १८० मध्ये सुमारे ४९. गाडी उचलतानाचा जो फरक मी वर लिहिला, तो या आकड्यांत आहे. दुसऱ्या टोकाला, ६,००० आरपीएमला १८० मधला सरासरी वेग सुमारे ११६ मीटर होतो. पिस्टन सर्वाधिक वेगात असताना तो याच्या साधारण १.६ पट, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या निम्म्याहून थोडा अधिक असतो, आणि पोर्ट साधारण तिथेच गळा आवळू लागतो. माझा कॅम ५,८०० च्या पुढे फारसे काही देत नाही. म्हणजे २२० मधली जास्तीची जागा मी ज्या आरपीएमसाठी सांभाळत होतो, तिथे हे इंजिन कधी पोहोचतच नव्हते.

तरीही पहिले काही आठवडे माझे मत संमिश्र होते, आणि तसे मी मित्रांना सांगितलेही होते. खालचा टॉर्क उत्तम, पण ५,००० च्या पुढे गाडी २२० इतकी मोकळी वाटत नव्हती. ते मत मी आता मागे घेतो. हेड बसवताना वर्कशॉपने स्पार्कचे टायमिंग (पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधी किती अंशांवर स्पार्क पडतो ते) जुनेच, एकूण ३६ अंश ठेवले होते. पोर्टमधला वेग वाढला की चेंबरमधली घुसळण वाढते, मिश्रण लवकर जळते आणि स्पार्क तितका आधी द्यावा लागत नाही. टायमिंग ३४ अंशांवर आणताच वरचा जोर परत आला. आता ५,५०० च्या पुढे २२० थोडी सरस होती हे खरे, पण त्याखाली सगळीकडे १८० पुढे आहे, आणि रस्त्यावरची गाडी आपला जवळजवळ सगळा वेळ त्याखालीच घालवते.

फ्लोबेंचच्या, म्हणजे हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. २८ इंच पाण्याच्या दाबफरकाला ०.६०० इंच लिफ्टवर (व्हॉल्व्ह तितका उघडलेला असताना) मिळालेला मोठा आकडा जाहिरातीत ठळक असतो. माझ्या कॅमची लिफ्ट ०.४८० इंच आहे. शिवाय व्हॉल्व्ह कमाल लिफ्टला क्षणभरच असतो आणि मधल्या लिफ्टमधून दोनदा जातो. ०.२०० ते ०.४०० या पट्ट्यातले आकडे विक्रेत्याने दिले नाहीत तर ते मागून घ्यावेत.

माझ्या मते, कॅम सौम्य असलेल्या आणि रोज चालणाऱ्या ३५० ला १८० पुरते. स्ट्रोक वाढवून त्याचे ३८३ घन इंच केले तर सिलिंडर सुमारे ९ टक्क्यांनी मोठा होतो आणि हाच पोर्ट ५,५०० च्या आसपास आवळू लागतो; तिथे मी १९५ घेईन. २१० च्या पुढचे हेड फक्त अशा ३५० साठी, जे सतत ६,५०० च्या पुढे फिरते आणि ज्याचा कॅम व गिअर त्याच बेताने निवडलेले आहेत. ७६ सीसी चेंबरची हेड स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत: माझ्या फ्लॅट टॉप (सपाट माथ्याच्या) पिस्टनवर कॉम्प्रेशन ९.७ वरून ८.६ वर आले असते आणि पोर्टमधून मिळवलेले तिथेच गेले असते.

नव्या हेडला जुने पुशरॉड चालतील असे वर्कशॉपने सांगितले होते. रॉकरची खूण व्हॉल्व्हच्या टोकावर कडेला पडत होती, म्हणून लांबी बदलून घ्यावी लागली. तो खर्च मी अजून त्यांच्याकडे मागतो आहे.