वरच्या पुंगळ्या चांगल्या होत्या

गन शोमधल्या, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीतल्या, टेबलावर काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांच्या पिशव्या मांडून एक म्हातारा गृहस्थ बसला होता. शांत, आदबशीर. एका पिशवीत दोनशे नग, एकशे तीस डॉलर. "एकदाच उडवलेल्या, मान कातलेल्या, तापवून नरम केलेल्या. घरी न्यायच्या आणि भरायच्या," तो म्हणाला. मान म्हणजे पुंगळीचा गोळी बसते तो पुढचा अरुंद भाग. मी विश्वास ठेवला. हे लिहितोय ते इथल्या आपल्यापैकी जे शिकारीला जातात आणि काडतुसं घरी भरतात त्यांच्यासाठी. भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे. इथे पेनसिल्व्हेनियात मी स्वतःच्या वापरापुरती भरतो, त्याला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही.

माझी रायफल .२४३ विंचेस्टरची. हे काडतूस १९५५ साली .३०८ विंचेस्टर या काडतुसाचीच मान आवळून काढलेलं. त्यामुळे लष्कराच्या, जवळपास .३०८ सारख्याच ७.६२ मिमीच्या रिकाम्या पुंगळ्या डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) दाबून .२४३ च्या करता येतात. पण मान आवळली की तिथलं पितळ जाणार कुठे? भिंत जाड होते. मग ती बाहेरून कातून पातळ करावी लागते, आणि घरी पुंगळ्या बनवणारे याच कामाचा कंटाळा करतात. मीही कंटाळलो होतो, म्हणून तयार माल घेतला.

टेबलावर मी मापं घेतली नाहीत असं नाही. बाबा पिंपरीत टर्नर होते, मायक्रोमीटर हातात घेऊनच वाढलो. पिशवीतल्या वरच्या पाच-सहा पुंगळ्या मोजल्या, सगळ्या ठीक निघाल्या. आंब्याच्या पेटीत वरचा थर नेहमीच चांगला असतो, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

घरी पहिलं काडतूस जुळवून पाहिलं ते प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि दारूशिवाय, नुसती गोळी बसवून. रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा, शेवटच्या पाव इंचावर अडला. जोर लावला असता तर बसलाही असता. मी लावला नाही. काढून मान मोजली: ०.२८० इंच. या काडतुसाची मान गोळीसकट जास्तीत जास्त ०.२७६ असावी लागते. चार हजारांश इंच म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण मानेला फुगायला जागा उरली नाही तर ती गोळी सोडत नाही, आणि आधीच दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरात जाणारा दाब कुठवर चढेल ते सांगता येत नाही. तो बोल्ट माझ्या गालापासून वीतभर अंतरावर असतो.

त्या रात्री सगळी पिशवी टेबलावर ओतली. खालच्या बहुतेक पुंगळ्या कातलेल्याच नव्हत्या. बुडावरचे शिक्के वेगवेगळ्या वर्षांचे. तापवल्याची निळसर झाक काहींच्या पार बुडाजवळ आलेली. मान नरम हवी, पण बूड कडकच राहायला हवं, दाब तेच पेलतं. मग पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून बुडाच्या जरा वर फिरवलं, तर काही ठिकाणी ते खाचेत अडकलं. त्यातली एक हॅकसॉने उभी कापली. आतली भिंत तिथे कागदासारखी झाली होती. एकदाच उडवलेली पुंगळी साधारणपणे अशी होत नाही.

पुढच्या शोला पिशवी घेऊन गेलो. तो म्हणाला, "सगळ्या कातलेल्या आहेत असं मी म्हटलंच नव्हतं." पावती नव्हती, पैसे रोख दिलेले. बोलणं तिथेच संपलं. एकशे तीस डॉलरचं मला फारसं वाटत नाही. पण तो हे जाणून विकत होता, आणि घेणाऱ्याच्या शेजारी त्याचा पोरगाही उभा असू शकतो, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही घेणार असाल तर पिशवी तिथेच रिकामी करायला सांगा आणि तळातल्या मोजा. तयार करतो असं सांगणारा काय केलंय ते पावतीवर लिहून देत नसेल तर उठा. खरं तर नवीन .२४३ चा शिक्का असलेल्याच पुंगळ्या घ्या. थोडे जास्त पैसे जातात, पण कातण्याचा प्रश्नच उरत नाही.

त्या दोनशेच्या दोनशे मी एकेक करून पकडीत चेपल्या, म्हणजे पुन्हा कुणाला भरता येणार नाहीत. मगच भंगारात दिल्या.