मंचावरून की पोस्टरवर?

हापूसच्या भौगोलिक मानांकनाचा (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावू देणारी नोंदणी, २०१८) ग्राहकांवर काय परिणाम झाला, यावर रत्नागिरीची एक पीएचडीवाली निबंध लिहितेय. मार्केटिंगच्या परिषदेत तो मंचावरून वाचू की पोस्टर (संशोधनाचं सार छापलेला मोठा कागद) लावून त्यापाशी उभी राहू, असा तिचा पेच.

खर्चात पोस्टर महाग. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटरची छपाई, वर ती गुंडाळी कोकण रेल्वेच्या गर्दीत सांभाळायची. पावसात तर देवच राखो!

वाचनाला साधारण १५ मिनिटं, प्रश्नांना उरली तर दोन-तीन, तीही अध्यक्षांच्या मर्जीवर. पोस्टरपाशी मात्र माणूस रेंगाळतो, प्रश्नावलीतल्या ‘देवगड की रत्नागिरी?’वर बोट ठेवून हुज्जत घालतो. सुधारणा तिथेच सुचतात.

निष्कर्ष पक्के आणि नोकरीसाठी ओळख हवी, तर मंच. आकडेवारी अर्धीकच्ची असेल, तर पोस्टरच.