आधी किनारा, मग रिसॉर्ट: मॉरिशसमधले नऊ महिने

मार्च 2025 च्या मध्यावर आम्ही मॉरिशसला गेलो आणि डिसेंबरात परतलो. नवऱ्याचं काम एबेनला, राहायला कात्र बोर्नला भाड्याचं घर. तिथे राहणाऱ्यांना बरीच रिसॉर्ट्स वेगळा, कमी दर लावतात आणि कामाच्या परवान्यावर असलेल्यांनाही तो मिळतो. त्यामुळे एरवी आयुष्यात एकदा जमली असती अशी चैन आम्हाला वारंवार करता आली. नऊ महिन्यांत सात रिसॉर्ट्समध्ये मुक्काम झाला, कुठे एक रात्र, कुठे चार. आणखी तीन ठिकाणी दिवसाचं पॅकेज घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहिलो.

परत आल्यापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, "कुठलं रिसॉर्ट घेऊ?" मी आधी विचारते, "कुठल्या महिन्यात जाताय?" आणि मग, "पाण्यात उतरणार की बघत बसणार?" ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय रिसॉर्टचं नाव सांगण्यात अर्थ नाही, असं आता माझं ठाम मत आहे. हे मी चुकीतून शिकले.

ती चूक जुलैमधली. आई-बाबा ऑक्टोबरात येणार होते, त्यांच्यासाठी जागा हेरून ठेवू म्हणून पूर्व किनाऱ्यावर बेल मारच्या बाजूला एका पंचतारांकित रिसॉर्टमध्ये तीन रात्री घेतल्या. फोटोत आरशासारखं पाणी, पांढरी वाळू, नारळाचं एक वाकडं झाड. खोली खरोखर सुंदर होती, माणसं मायाळू होती, जेवण उत्तम. पण पहिल्या दुपारी आराम-खुर्चीवर टॉवेल टाकला आणि तो उडाला. वारा थांबेचना. रात्रभर खिडकीच्या फटीतून शिट्टी वाजत होती. दुसऱ्या दिवशी वाळूचे कण पायाला टोचत होते, लगूनवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यावर, लाटा फुटत होत्या आणि स्नॉर्केलिंगची बोट रद्द झाली. स्वागतकक्षातल्या मुलीने सहज सांगितलं, "या दिवसांत इकडे असंच असतं." मला वाईट वाटलं ते याचं, की बुकिंग करताना मी ईमेलने स्पष्ट विचारलं होतं, जुलैत समुद्र कसा असतो म्हणून, आणि उत्तर आलं होतं, "वर्षभर सुंदर." तीन रात्रींचे पैसे गेले, आणि त्याहून जास्त खंत अशी की एवढ्या चांगल्या जागेची ओळख आम्हाला अशी व्हावी.

त्याच्या पुढच्याच शनिवारी नवऱ्याचा एक सहकारी म्हणाला, पश्चिमेला जाऊन बघा. फ्लिक आं फ्लाक आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. तोच जुलै, तेच बेट, आणि समुद्र असा निवांत की उभ्या उभ्या पायाची बोटं दिसावीत.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात व्यापारी वारे पाठ केले होते, ते इथे अंगावर घेतले. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण 20 अंशांवर. आग्नेयेकडून येणारे हे वारे वर्षभर असतात, पण जून ते सप्टेंबर, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, त्यांचा जोर सर्वांत जास्त. ते आधी पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतात. मधल्या पठारावर चढताना त्यांतला पाऊस क्युरपीप, कात्र बोर्नच्या बाजूला पडून जातो (माझे कपडे कधी धड वाळायचे नाहीत) आणि पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला कोरडा, उबदार राहतो. बेट आहे जेमतेम 65 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद. तासाभराच्या अंतरात हवा एवढी बदलते.

उन्हाळ्यात हे गणित उलटतं. नोव्हेंबरपासून पश्चिमेला उकाडा वाढतो आणि पूर्वेची तीच हवा हवीहवीशी वाटते. मी निघण्याआधी, डिसेंबरात, मुद्दाम त्याच बेल मारच्या रिसॉर्टला पुन्हा एक रात्र राहिले. पहाटे उठून समोर सूर्य उगवताना पाहिला, पाणी फोटोतल्यासारखं, वाऱ्याची हलकी झुळूक. जुलैत मी त्या जागेला मनातल्या मनात दोन तारे दिले होते. डिसेंबरात पाच दिले असते. म्हणून इंटरनेटवरची परीक्षणं वाचताना मी आता मजकुराआधी तारीख बघते.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी मला मे आणि ऑक्टोबर सर्वांत चांगले वाटले. मेमध्ये चक्रीवादळांचे दिवस सरलेले असतात आणि वारा अजून पेटलेला नसतो. ऑक्टोबर कोरडा, पाणीही तापायला लागलेलं. ऑगस्टात समुद्राचं पाणी 23-24 अंशांपर्यंत उतरतं, आणि कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेल्या माणसाला ते चांगलंच गार लागतं. डिसेंबरअखेर भाडी आम्हाला मेच्या जवळजवळ दुप्पट दिसली. जानेवारी ते मार्च हा वादळांचा मुख्य हंगाम. तिथे इशाऱ्याचे चार टप्पे असतात आणि लोक ते फार गांभीर्याने घेतात. जानेवारी 2024 मध्ये बेलाल चक्रीवादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या, ते आमच्या घरमालकीणबाईंच्या बोलण्यात सतत यायचं. त्या महिन्यांत जायचंच असेल तर बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या.

आता पाण्याबद्दल. हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आणि जाहिरातीत यावर एक ओळही नसते.

माझं बालपण गुहागरचं. समुद्र म्हणजे भरती-ओहोटी बघून मगच पाऊल टाकायचं, हे अंगात भिनलेलं. मॉरिशसला ते लागू पडत नाही, कारण तिथे भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्या आसपास. तिथे बघायची ती प्रवाळाची भिंत. जवळजवळ सगळ्या बेटाला या भिंतीचं कडं आहे. मोठ्या लाटा दूरवर तिच्यावर फुटतात आणि आत उथळ, शांत लगून राहतं. दक्षिणेला ग्री ग्रीपाशी हे कडं तुटलेलं आहे, तिथे समुद्र थेट कड्यावर आपटतो. ते बघायला जावं, पोहायला नाही.

पण प्रत्येक लगून पोहण्याजोगं असतंच असं नाही. दक्षिणेच्या एका अतिशय महागड्या रिसॉर्टसमोर आम्ही शंभरेक पावलं चालत गेलो तरी पाणी गुडघ्याच्या वर येईना. खाली प्रवाळाचे तुकडे आणि समुद्री गवत. लहान मुलांना छान, पोहणाऱ्याला काही नाही. याउलट उत्तरेला त्रू ओ बिशला चार पावलांत पाणी छातीपर्यंत येतं आणि तळ निव्वळ वाळूचा. ले मॉर्नला त्या 556 मीटर उंच डोंगराच्या पायथ्याशी राहणं हा तर वेगळाच अनुभव. पळून आलेले गुलाम ज्या डोंगरावर आसरा घेत, तो हा डोंगर, 2008 पासून जागतिक वारसास्थळ. संध्याकाळी त्याचा रंग बदलताना बघत मी बोलणं विसरायचे. पण त्या टोकाच्या एका बाजूला वारा भरपूर, पतंग बांधून लाटांवर स्वार होणारे जगभरातून तिथे येतात, आणि प्रवाळभिंतीतल्या खिंडीजवळ प्रवाह ओढतो. रिसॉर्ट टोकाच्या कोणत्या कुशीत आहे ते विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

हे घरबसल्या कळायला एक उपाय आहे. नकाशाचं उपग्रहचित्र उघडा आणि रिसॉर्टसमोरचं पाणी मोठं करून बघा. फेसाची पांढरी रेघ म्हणजे प्रवाळभिंत. तिच्या आतला फिकट निळा रंग म्हणजे उथळ वाळू, तपकिरी-काळसर डाग म्हणजे खडक, प्रवाळ किंवा गवत. किनाऱ्याला लागूनच तपकिरी पट्टा असेल तर पाण्यात उतरताना पाय खडकावर पडणार. ते कुठलंही असो, रबरी तळाचे बूट न्याच. काटेरी समुद्री साळिंदरं आणि विषारी काट्यांचा दगडमासा दोन्ही तिथे आहेत, आणि दगडमासा दगडासारखाच दिसतो.

प्रवाळ बघायची हौस असेल तर रिसॉर्टसमोर तो सापडेल अशी आशा धरू नका. तापलेल्या पाण्यामुळे बऱ्याच ठिकाणी तो पांढरा पडलेला, मेलेला दिसला आणि पाहताना गलबलून आलं. आम्हाला सर्वांत जिवंत वाटलं ते आग्नेयेचं ब्लू बे, ते सागरी उद्यान म्हणून राखलेलं आहे. त्याच्या जवळच पॉइंत देस्नीसमोर जुलै 2020 मध्ये वाकाशिओ हे जपानी मालकीचं जहाज प्रवाळावर चढलं आणि पुढे त्यातून सुमारे हजार टन तेल सांडलं. तेव्हा गावकऱ्यांनी उसाचं पाचट पिशव्यांत भरून, शिवून, तेल अडवायला तरंगते बांध केले. पाचटाचा असा उपयोग ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते.

खोल्यांबद्दल थोडक्यात. "सी व्ह्यू" म्हणजे कुठूनतरी समुद्र दिसतो, "बीचफ्रंट" म्हणजे दारातून वाळूत. दोन्हींतला फरक पैशांत मोठा आहे, आणि दिवसभर बाहेरच असणाऱ्यांनी तो वाचवावा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मात्र तळमजला आणि पाण्याशी जवळीक यांसाठी जास्तीचे पैसे जरूर मोजा.

जेवणाचं आमचं मत हळूहळू बदललं. सुरुवातीला सगळं समाविष्ट असलेलं पॅकेज घ्यायचो. दोन-तीन वेळा झाल्यावर कळलं की त्या पैशांपायी आपण रिसॉर्टच्या बाहेर पडतच नाही. आणि बाहेर ढोल पुरी आहे! चण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ लुसलुशीत पोळी, म्हणजे आपली पुरणपोळीच, पण गुळाशिवाय, जिरं-हळदीची. आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची रसभाजी आणि टोमॅटोची चटणी. नेहमी जोडीने मिळते, कागदात गुंडाळून. रस्त्यावरच्या गाडीवर उभं राहून खाल्लेली ती जोडी मला कुठल्याही बुफेपेक्षा प्रिय आहे. म्हणून सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच घ्यावं. मात्र एक विचारून ठेवा, रात्रीच्या जेवणासोबत पिण्याचं पाणी धरलेलं आहे का. एका ठिकाणी चार रात्रींच्या बाटल्यांचं बिल बघून आई हादरली होती. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळालं, पण आधी कळवलं तिथे मनापासून केलेलं, न कळवलं तिथे पास्ता. आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून परदेशी पाहुण्यांना माणशी दर रात्री 3 युरो वेगळे भरावे लागतात, ते हिशेबात धरा.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सर्वांचा आहे, रिसॉर्ट कुणाला तिथून हटवू शकत नाही. रविवारी सार्वजनिक किनाऱ्यांवर सुरूच्या झाडांखाली अख्खी कुटुंबं डबे, पातेली, चटया घेऊन येतात, कुणीतरी रावान हे डफासारखं वाद्य वाजवतं आणि सेगा हा तिथला नाच-गाणं सुरू होतं. गुहागरसारखंच सुरूचं बन, तोच वाऱ्याचा आवाज. काही परीक्षणांत लोक तक्रार करतात की शेजारी सार्वजनिक किनारा आहे, गलका होतो. मी तर मुद्दाम असंच रिसॉर्ट शोधेन. फ्लिक आं फ्लाकहून जवळच कॅसकावेल आहे, मराठी वस्तीचं गाव. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर आलेल्या कोकणी माणसांचे वंशज. गणेश चतुर्थीची तिथे देशभर सुट्टी असते. विसर्जनाच्या दिवशी किनाऱ्यावर झाकरी नाचणारी मुलं पाहिली, आपल्या जाखडीची पावलं, ओठांवर तिथली क्रिओल भाषा. माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

आई-बाबा ऑक्टोबरात दहा दिवसांसाठी आले. बाबांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. जुलैच्या धड्यानंतर मी आधी दिवसाच्या पॅकेजवर दोन रिसॉर्ट्स चालून पाहिली, खोलीपासून पाण्यापर्यंतच्या पायऱ्या मोजल्या, वाळू पायाखाली किती रुतते ते बघितलं. वायव्य किनाऱ्यावरचं, दिसायला साधं, चार ताऱ्यांचं निवडलं. तळमजला, एकही पायरी नाही, हिरवळ संपली की वाळू आणि वाळू संपली की खोल, निवांत पाणी. बाबा आयुष्यभर समुद्राकाठी राहिले, पण गुहागरच्या लाटांमध्ये साठीनंतर कधी उतरले नव्हते. इथे पहिल्याच सकाळी ते पाण्यात गेले आणि पाठीवर तरंगत राहिले. आई काठावरून हाका मारतेय, "अहो, पुरे आता, चहा आलाय," आणि ते हात हलवून पाच मिनिटं मागतायत. चार दिवस रोज हेच.

पुढच्या मेमध्ये धाकटी बहीण सासू-सासऱ्यांना आणि दोन मुलांना घेऊन जातेय. तिला तेच रिसॉर्ट सुचवलंय, नाश्ता आणि रात्रीचं जेवण, शेजारच्या दोन खोल्या, तळमजल्यावरच्या. आरक्षण झालंय. डासांचं मलम आठवणीने ने म्हणून सांगितलंय, कारण 2025 मध्ये तिथे चिकनगुन्याचे रुग्ण सापडले होते. विमानतळावरून किनाऱ्यापर्यंतच्या टॅक्सीचं भाडं निघायच्या आधी ठरवून घे, हेही. रिसॉर्टला काल एक ईमेल पाठवलाय, मागच्या वेळी जिथे हिरवळ थेट वाळूला भिडायची तिथे किनारा खचू नये म्हणून दगड रचायचं काम निघणार होतं, ते झालं का, आणि झालं असेल तर सासूबाईंना पाण्यापर्यंत जायला किती पायऱ्या उतराव्या लागतील. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.