वर फायबर, खाली पण फायबर

कोल्हापूर, बेळगाव, गोवा या पट्ट्यात कुणी तुम्हाला ‘फुल्ल रिस्टोअर’ केलेली सॅन स्टॉर्म दाखवली, तर टेस्ट ड्राइव्हच्या आधी गाडीखाली जायला मिळतंय का ते बघा. मिळत नसेल तर चहा पिऊन परत या. आणि मिळालं तरी नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. मी खाली गेलो होतो. बॅटरीच्या उजेडात चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, काळी कुळकुळीत, एकसारखी, कुठे गंजाचा ठिपका नाही. त्या काळ्या रंगाखाली काय होतं ते पुढे येईलच.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने गोव्यात काढलेली ही दोन सीटची उघडी गाडी. पोलादी चासी, वरची बॉडी फायबरची, आणि रेनोचं ११४९ सीसीचं, साधारण ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. आकडा ऐकून आजकालची पोरं हसतात. पण वजनच कमी असल्यावर साठ घोडे पुरतात, आणि छप्पर काढून कळ्याच्या पुढे गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं की पोरांचं हसू आपोआप बंद होतं. इंजिन युरोपातल्या ट्विंगो-क्लिओच्या घराण्यातलं, त्यामुळे टायमिंग बेल्ट, गॅस्केट बाहेरून मागवता येतात. अडतं ते काचा, दरवाजाची रबरं, हूडची चौकट अशा बारक्या गोष्टींवर. फायबरच्या कामाला मात्र इथे तोटा नाही.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बघायला गर्दी करणारं हे कोल्हापूर. जुन्या गाडीचं वेड इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विकणाऱ्यालाही नाही.

आमचा गृहस्थ हायवेलगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. गोड बोलणारा, आणि गाडीतलं खरंच कळणारा. गाडी पिवळी, गोवा पासिंग, मालक गोव्याचे, ‘आमचे पाहुणे’. मी प्रश्न विचारायला लागलो की तो हसून एक जाड फाईल पुढे सरकवायचा. “दादा, मी काय सांगणार? फाईलच बोलंल.”

फाईल खरोखर बोलत होती. हेड गॅस्केट, टायमिंग किट, क्लच यांची बिलं. बाहेरून मागवलेल्या सामानाची वेगळी यादी. चासीचं सँडब्लास्टिंग, गंजलेल्या रेल (चासीचे लांब पोलादी पट्टे) कापून नव्या बसवल्याचं बिल, त्यावर पावडर कोटिंग. आणि फोटोंचा अल्बम: उघडी पडलेली चासी, वेल्डिंगच्या ठिणग्या, प्रायमर, शेवटी काळा रंग. जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेल्या माणसाला असा अल्बम दिसला की तो गाडीपेक्षा अल्बमच जास्त वेळ बघतो.

तरीही तपासायचं ते सगळं तपासलं. इंजिन थंड असताना स्टार्ट करून बघितलं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, उत्तम आलं. कुलंट स्वच्छ. परिवहनच्या साईटवर नंबर टाकून मालकाचं नाव, बोजा, विमा, फिटनेसची मुदत बघितली. चासी नंबर आरसीशी जुळवला. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कोल्हापुरात जुनी गाडी घेणारा प्रत्येकजण सीटखाली आणि डॅशबोर्डच्या मागे हात घालून गाळ शोधतो, तोही शोधला. कुठेच काही नाही.

या माणसाची चलाखी इथेच होती. इंजिनवर त्याने खरा पैसा लावला होता. हौशी माणूस आधी बॉनेट उघडतो, हे त्याला पाठ होतं. कागदही खरे ठेवले होते, कारण जरा जाणता ग्राहक मोबाईलवर कागद तपासतो, हेही पाठ होतं. खोटं फक्त तिथे होतं जिथे तपासायला गाडी रॅम्पवर चढवावी लागते. आणि त्याच्या शेडमध्ये रॅम्प नव्हता.

व्यवहार पाच लाख ऐंशी हजारांना ठरला. त्याचे त्याने दोन भाग केले. दोन लाख दहा हजार आरसीवरच्या मालकाच्या खात्यावर, करारात ‘आहे त्या स्थितीत’ असं वाक्य. उरलेले तीन लाख सत्तर हजार ‘रिस्टोरेशनच्या कामाचे’ म्हणून दुसऱ्याच एका खात्यावर. “गाडीचे पैसे मालकाला, कामाचे पैसे काम करणाऱ्याला. हिशोब कसा स्वच्छ पायजे.” ऐकायला किती सरळ वाटतं! परिणाम असा की करारात गाडी स्वस्तात, दोषांसकट विकली गेली, महागाचा भाग करारात आलाच नाही, आणि शेडवाल्याचं नाव दोन्हीकडे कुठेच नाही.

गाडी घरी आली. गोव्याच्या आरटीओची फॉर्म २८ची एनओसी, टॅक्स, एमएच-०९ चा नंबर, हे सगळं विनाअडथळा पार पडलं. त्या काळात मी त्याची चार लोकांत तारीफही केली.

पहिल्या पावसाळ्यानंतर गाडी बोलायला लागली. स्पीडब्रेकरवरून जाताना ड्रायव्हरच्या बाजूने कुरकूर. कोल्हापुरात स्पीडब्रेकर किती आहेत ते सांगायला नको. मग पन्हाळ्याच्या चढाला स्टिअरिंगची थरथर. विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आल्या. आणि एक चाक फूटपाथवर चढवून गाडी लावली की दरवाजा खाचेत बसेना. शेडवाल्याला फोन केला तर म्हणाला, “उघड्या गाडीला छप्पर न्हाई दादा, थोडी लवणारच की.”

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. बंद गाडीत छप्पर, खांब, मागची-पुढची काच असे सगळे मिळून पेटीसारखी ताकद देतात. छप्पर काढलं की तो सगळा भार खालच्या चासीवर येतो. म्हणून उघडी गाडी खड्ड्यात थोडी थरथरते, जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या उघड्या गाड्याही थरथरतात. पण दरवाजा अडकणं म्हणजे थरथर नव्हे. चासी पिळली जातेय, असा त्याचा अर्थ. बंद गाडीत सडलेली रेल बराच काळ खपून जाईल. उघड्या गाडीत ती रेल म्हणजेच गाडी.

शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. जीपच्या आणि ट्रॉलीच्या चाशा बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी गाडी वर घेतली, फाईलकडे बघितलंही नाही. हातातल्या पान्याने रेलवर पुढून मागे ठोकत गेले. टण, टण, टण. सीटच्या खाली आल्यावर थप. परत ठोकलं. थप. मग स्क्रू ठेवायची लोहचुंबकाची वाटी उचलून तिथे लावली. वाटी खाली पडली.

“साहेब, ह्ये लोखंड न्हवं. वर फायबर म्हणून गाडी घेतलीसा, त्यानं खालीबी फायबरच घालून दिलंय.”

खरवडल्यावर सगळं दिसलं. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभी राहिलेली चासी, जागोजागी चाळण. ती कापून नवी पट्टी घालण्याऐवजी भोकांवर काचेच्या धाग्यांची जाळी, वरून रेझिन, मग पुट्टी मारून धारा अगदी कारखान्यासारख्या काढलेल्या, आणि सगळ्यावर जाड काळा अंडरकोट, म्हणजे गाडीच्या पोटाला मारतात तो गंजरोधक थर. कारागिरी मानली पाहिजे, इतकं सुबक काम. पाणी बाहेर पडायची भोकंसुद्धा अंडरकोटने बुजली होती, त्यामुळे पावसाळ्यात आत शिरलेलं पाणी आतच राहिलं आणि उरलंसुरलं लोखंड खात गेलं. सर्वांत वाईट म्हणजे सीटबेल्टचा खालचा बोल्ट ज्या पट्टीत आवळला होता, तिचा अर्धा भाग रेझिनचा होता. त्या बेल्टच्या भरवशावर मी मुलीला शेजारी बसवून जोतिबाला जाऊन आलो होतो.

मग फाईल घेऊन बसलो. चासीच्या कामाचं बिल गोव्यातल्या वर्कशॉपचं, पण जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: २७ महाराष्ट्र, ३० गोवा. जीएसटीच्या साईटवर तो नंबर टाकला तर निघाला भलत्याच धंद्यातल्या भलत्याच माणसाचा. बाहेरून मागवलेल्या सामानाच्या यादीला एकही बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, जोडलेलं नव्हतं. सामान कुरिअरने येवो वा जहाजाने, कस्टममधून सुटताना तो कागद होतोच. नुसत्या लेटरहेडवर ‘इम्पोर्टेड’ लिहिलं म्हणून सामान इम्पोर्टेड होत नाही. फोटो गुगलवर उलटे शोधले. त्यातला वेल्डिंगचा फोटो परदेशातल्या एका जुन्या फायबर-बॉडी गाडीचा निघाला. माझ्या गाडीचा तर नव्हताच, स्टॉर्मचाही नव्हता. सगळे फोटो जवळून काढलेले होते. चासी नंबर आणि वेल्डिंग एकाच चौकटीत दिसेल असा एकही नाही.

आता कामाचं. फायबर-बॉडीच्या गाडीला वरून लोहचुंबक लावून काही कळत नाही, म्हणून लोक तो नेतच नाहीत. तो खालीच लावायचा. छोटा पण जोरदार घ्या, फडक्यात गुंडाळा. आधी सस्पेन्शनच्या बोल्टजवळ, जिथे लोखंड नक्की आहे तिथे, पकड कशी लागते ते बघा, मग रेलवरून सरकवत न्या. जाड अंडरकोटमुळे पकड थोडी कमी होते, पण रेझिनवर ती एकदम जाते. गंजावर नुसता पातळ पत्रा मारलेला असेल तर चुंबक चिकटेल आणि फसवेल, त्यासाठी ठोकून आवाजही ऐकायचा. दुसरी परीक्षा जॅकची. पुढचं एक चाक उचला आणि दोन्ही दरवाजे उघडून-लावून बघा, फटी बघा. फरक जाणवला तर सौदा तिथेच सोडा. आणि वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीखाली ताजा, ओलसर वासाचा अंडरकोट दिसला तर विचारा की हा मारायची घाई कशाला झाली. विकणारा रॅम्पवर न्यायला तयार नसेल तर रॅम्पचं भाडं तुम्ही देतो म्हणा. नकार आला की उत्तर मिळालं.

मध्यस्थाचंही बघा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद ऑनलाइन करावी लागते. शेडमध्ये विक्रीच्या गाड्या रांगेत उभ्या, आणि माणूस म्हणतो ‘मी फक्त ओळख करून देतो’, तर तो पुढच्या भांडणाची तयारी आजच करतोय. पैसे जितके, तितकाच आकडा करारात. कामाचे पैसे वेगळे मागत असेल तर ते काम करारात शब्दांत लिहून घ्या: चासीची रेल नवी, पोलादी, अमुक जाडीची. फाईलमधल्या प्रत्येक बिलावर विकणाऱ्याची सही घ्या. खरं असेल तर तो करेल.

माझं पुढे काय झालं? मामा त्याच दिवशी कापायला निघाले होते, वकिलांनी थांबवलं, आणि बरं झालं. आधी परवानाधारक सर्व्हेअरकडून फोटोंसह लेखी अहवाल घेतला, मगच कटर लागला. फायबर शेजारीच असल्याने ओली पोती लावून, थोडं थोडं सीओटू वेल्डिंग करत नव्या पट्ट्या बसल्या. कापलेले रेझिनचे तुकडे नंबर घालून पोत्यात ठेवलेत. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, त्यावर थोडी लागते. मुदत दोन वर्षांची, म्हणून गोड बोलण्यावर वर्ष घालवू नका. दोन्ही खात्यांवर गेलेले पैसे बँकेतून गेले होते, त्यामुळे तीन लाख सत्तर हजार नाकारणं त्यांना जड जातंय. नोटीस गेल्यावर शेडवाल्याने तिसऱ्याच माणसामार्फत लाखभर देऊन मिटवायचा निरोप धाडला. मिटवलेलं नाही.

शेड चालू आहे. मध्यंतरी सांगलीच्या एका मित्राला मोबाईलवर लाल स्टॉर्मची जाहिरात आली, फाईलसकट. अल्बममधला वेल्डिंगचा फोटो तोच: मागे विटांची भिंत, डाव्या कोपऱ्यात निळा जॅक, वेल्डरच्या हातात पिवळे हातमोजे. हा फोटो कुणी तुम्हाला स्वतःच्या गाडीचा म्हणून दाखवला, तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. वकिलांना दुसरा तक्रारदार हवाच आहे.