कोल्हापूरच्या रोपवाटिकांतला कोलियस: घ्यावा, पण बघून

रंगीत पानांच्या झाडांत पैशाला पुरेपूर जागणारं रोप म्हणजे कोलियस. लाल, जांभळं, पोपटी किनारीचं, हवं तसं मिळतं. घेताना पान उलटून देठाच्या बगलेत बघा. कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. असं रोप स्वस्तातही नको.

पिशवीत बहुतेक नुसता कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतो. उन्हाळ्यात ठीक, पण इथल्या जुलैच्या झडीत तो दिवसेंदिवस ओला राहतो आणि खोड बुडाशी काळं पडून कुजतं. म्हणून ८ इंची कुंडीत दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाडी वाळू घालून लावा आणि पावसाळ्यात वळचणीला ठेवा. सकाळचं दोन-तीन तास ऊन पुरतं. दुपारच्या उन्हात रंग उडतो, गडद सावलीत फांद्या लांबट होतात. तुरा दिसला की खुडा, नाहीतर पानं बारकी होतात.

चार इंची शेंडा पेराखाली कापून खालची पानं काढा. पाण्यातसुद्धा दोनेक आठवड्यांत मुळं धरतो. एका रोपाची पाच होतात, हा खरा फायदा.

पानओवा आणि लोणच्याचं माईनमूळ ही याचीच भावंडं. माईनमुळाच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे औषधी द्रव्य मिळतं. म्हणून काही विक्रेते कोलियसही ‘औषधी’ म्हणून खपवतात, ते साफ चूक. हा शोभेचाच, काढ्यात घालू नका आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा.